मार हात

अमर ढोलेला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आपल्या हातांचा एकच उपयोग ठाऊक होता, तो म्हणजे लिहिणं. अक्षर मोत्यासारखं. नेरजवळच्या गावात घरचं रान होतं, कापूस, तूर, सोयाबीन सगळं होतं; पण विमलताईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, लहानपणीच जाहीर करून टाकलं होतं की माह्या पोराच्या हाताले शाई लागंल, माती लागणार नाई. वडील नानाजी एकदा त्याला तण काढायच्या डवऱ्यावर उभं करायला निघाले, तर बाईनं घर डोक्यावर घेतलं. मग नानाजींनी तो नाद सोडला आणि पोरगा शाईत वाढला.

यवतमाळच्या कॉलेजात आल्यावर शाईनं त्याला चांगलीच साथ दिली. तिथं ड्रॉइंगची शीट कशी काढायची? काचेखाली बल्ब लावायचा, वर मागच्या वर्षीच्या पोराची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि गिरवत सुटायचं. वर्कशॉपात लोखंडाचा तुकडा घासून जो जॉब करायचा असतो, तो करून देणारे मामा होतेच. पोरांनी फक्त त्यावर आपला रोल नंबर ठोकायचा, तोही कित्येकांचा वाकडा पडे. अमरच्या फाइली मात्र इतक्या देखण्या असत, की सर लोक त्या कपाटात ठेवून घेत आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना दाखवत. म्हणजे पुढच्या वर्षी ती पोरं अमरचंच गिरवणार. असा आपल्याकडे इंजिनियर तयार होतो, आणि मग पंखा बंद पडला की तो वायरमनला फोन लावतो.

हे सगळं सुरळीत चाललं असतं; पण त्या वर्षी गावंडे मॅडम आल्या.

अपेक्षा गावंडे मॅडम बुटक्या, आवाजानं मोठ्या, आणि त्यांच्या ओढणीला कायम कुठंतरी ग्रीस लागलेलं. पहिल्याच तासाला त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या विषयात फाइल नाही. तिघा-तिघांनी मिळून एक वस्तू करायची. कोणासाठी, तर ज्याला ती खरंच पाहिजे अशा माणसासाठी. त्याच्या दारात जाऊन विचारायचं, स्वतःच्या हातांनी करायची, आणि त्याच्याच दारात परीक्षा. अर्धे गुण मी आणि बाहेरचे परीक्षक देणार. अर्धे तो माणूस देणार."

वर्गात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तो मानूस शिकलेला नसला तं?"

"वस्तू वापरायला शिकावं लागत असेल, तर वस्तू चुकली."

आणखी दोन गोष्टी होत्या. परीक्षेत कोण बोलणार ते चिठ्ठी काढून ठरायचं. म्हणजे तिघांपैकी कोणालाही कुठलाही नटबोल्ट समजावून सांगता आला पाहिजे, एकानं करायचं आणि दोघांनी चहा प्यायचा हे चालणार नाही. आणि दर शनिवारी प्रत्येक गटानं आपली आठवड्यातली चूक वर्गापुढं ठेवायची. बरोबर आलेलं घरी ठेवा म्हणाल्या, चूक घेऊन या, सगळे मिळून तिच्यावर बसू. अमरला हे ऐकूनच घाम फुटला. चूक कपाटात ठेवण्यासारखी वस्तू नव्हती, आणि त्याच्याजवळ ती कधी नव्हतीही.

गटही मॅडमनीच पाडले. अमरच्या वाट्याला सुनील आणि अंजू राठोड आले. सुनील राजूरचा, वडील कोळसा खाणीत. तो वर्गात झोपायचा आणि वर्कशॉपात जागा व्हायचा. अंजू आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरची. घरी गोरबोली, गावात वऱ्हाडी, कॉलेजात इंग्रजी, अशा तिहेरी कसरतीत तिनं वर्गात गप्प राहायचा सोपा मार्ग धरला होता. अमरला मनातून वाटलं, झालं, आता सगळं मलाच करावं लागणार. त्याला त्याचं वाईटही वाटलं नव्हतं, हे विशेष.

कोणासाठी काय करायचं, ते अंजूनंच दाखवलं. फेब्रुवारीत तिनं दोघांना तांड्यावर नेलं. तिच्या मोठ्या काकूच्या, मानीबाईच्या, अंगणात बोंडांचा ढीग पडलेला होता. कापसाचा हंगाम संपत आला की जी बोंडं नीट फुटत नाहीत, ती तशीच तोडून घरी आणतात, आणि बाया बसून एकेका बोंडातून बोटांनी कापूस ओढून काढतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. मानीबाई साठीच्या पुढची, अंगात आरशांची काचळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिनं आपली बोटं पुढं केली. टोकांवर इतके चिरे होते, की कुठली रेघ जन्माची आणि कुठली बोंडाची, ते कळत नव्हतं.

"याच्यावर काई करता येते का रे बावा?" तिनं वऱ्हाडीत विचारलं.

"येते ना, मावशी," अमर म्हणाला. इतकं पटकन म्हणाला, की सुनीलनं त्याच्याकडं वळून पाहिलं.

आणि खरोखर, काम मजेत चाललं. आधी पुठ्ठ्याचं, मग लाकडाचं, मग लोखंडी चौकटीचं, असं ते यंत्र उभं राहिलं. दोन रूळ एकमेकांना लागून फिरणार, बोंड त्यांच्या तोंडाशी धरलं की रूळ कापूस आत ओढून घेणार, आणि समोरच्या दातेरी पट्टीला टरफल अडकून बाहेर राहणार. रुळांना रबर पाहिजे होतं. सुनीलनं राजूरच्या भंगारवाल्याकडून कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा जुना तुकडा आणला. तो इतका जाड होता, की कापताना दोन पात्या गेल्या. बाजूला एक हँडल. अमरनं त्याचं असं काही चित्र काढलं, की मॅडमनीही दोनदा पाहिलं. हँडल फिरवायचं एकानं, बोंड लावायचं दुसऱ्यानं. यात काही खोट असेल, असं चित्रात तरी दिसत नव्हतं.

यंत्र तांड्यावर नेलं त्या दिवशी अख्खा तांडा गोळा झाला. मानीबाईचा नवरा खेमसिंग तांड्याचा नायक, त्यानं स्वतः बाज बाजूला ओढून जागा करून दिली. मानीबाई रुळांसमोर बसली, अमर हँडलवर, सुनील पलीकडं टोपली धरून. अंजू चहाचं पाहायला घरात गेली. पहिलं बोंड आत गेलं, कापूस पलीकडं पडला, टरफल अलीकडं राहिलं, आणि बायांनी एकच गलका केला. अमरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं केलेली वस्तू कपाटाबाहेर चालत होती.

दुसरं बोंड, तिसरं, मग मानीबाई जोरात ओरडली, "मार हात! मार हात!"

आता वऱ्हाडातल्या कुठल्याही कास्तकाराच्या पोराला याचा अर्थ विचारा. काम रंगात आलं की मुकादम ओरडतो, मार हात, म्हणजे चल, लाव जोर, आटप. अमरला वाटलं, बाई खूश झाली. त्यानं हसत हसत हँडल आणखी जोरात फिरवलं. ती पुन्हा ओरडली, "मार हात!" भोवतीच्या बायाही ओरडायला लागल्या, तेही त्याला कौतुकच वाटलं, आणि यानं आणखी जोर लावला. हँडल जड का लागतंय, हेही त्याच्या लक्षात आलं नाही. काहीतरी फटाफट फुटल्याचा आवाज आला तेव्हा अंजू घरातून धावत आली आणि किंचाळली, "थांब अमर, थांब! तिचा हात हाये!"

गोरबोलीत मार म्हणजे माझा. मार हात म्हणजे माझा हात.

रूळ उलटे फिरवून हात बाहेर काढला. तीन बोटं चेंदल्यासारखी झाली होती, एक नख उचकटलं होतं. हाड वाचलं ते बांगड्यांमुळं. त्या घसरून पंजावर आल्या, रुळांच्या तोंडाशी अडकल्या, फुटल्या आणि हात पुढं जायचा राहिला. आर्णीच्या डॉक्टरांनी मनगटापर्यंत पट्टी बांधली आणि हात बरेच दिवस हलवायचा नाही, असं बजावलं. बांगड्यांचे पांढरे तुकडे अंगणात पडले होते. नवरा जिता असताना फुटलेल्या बांगड्या बायांनी मुकाट्यानं पदरात वेचल्या. 

खेमसिंग फक्त एवढंच म्हणाला, "मशीन उचला अन् जा पोट्टेहो. आमचे हात आमाले पुरतेत."

अमरनं ठरवून टाकलं. सोमवारी तो मॅडमच्या टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला की मला या विषयातून काढा, दुसरा विषय द्या, ज्याला पुस्तक आहे.  हातून एका माणसाचा हात गेला असता, आणि मी हसत होतो मॅडम. मले हे जमनार नाई. मी शाईचा मानूस.

मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं. समजूत वगैरे काही घातली नाही. "शनिवारी ये," म्हणाल्या. "सगळं सांग. त्यानंतरही जायचं असलं, तर मी अडवणार नाही."

तो शनिवार अमरला जन्मात विसरण्यासारखा नाही. तो फळ्यापाशी उभा राहिला आणि खाली मान घालून सांगत गेला. 'मार हात' हे शब्द आले तेव्हा मागच्या बाकावर खसखस पिकली. त्यानं ती पिकू दिली आणि पुढचं सांगितलं. 

"मावशीले मराठी येते ना?" कोणीतरी विचारलं.

उत्तर अंजूनं दिलं. वर्गात ती आपणहून बोलली अशी ही पहिलीच वेळ. "येते. आपल्या सगळ्याहून चांगली येते. पन हात चेपला की मानूस आईच्या बोलीत ओरडते. तू बी तसाच ओरडशील."

मग दुसऱ्या गटातली बबिता उठली. बबिता प्रश्न विचारायला लागली की सोडायची नाही, म्हणून पोरं तिला वकील म्हणत. "आत हात कोनाचा होता?"

"मानीबाईचा," अमर म्हणाला.

"आन् हँडल कोनाजवळ?"

"माह्याजवळ."

"मंग मशीन थांबवाची झाली तं थांबवनार कोन?"

 इतके दिवस अमर शब्दावर अडून बसला होता, की आपल्याला बोली आली असती तर हे झालं नसतं. बोली आली असती तरी आवाज कानात शिरेपर्यंत, हात थांबेपर्यंत बोट गेलंच असतं. चूक त्या देखण्या चित्रातच होती. हात तिचा आणि हँडल माझं. ज्याला दुखणार, त्याच्या ताब्यात यंत्र नव्हतंच.

तो हे मोठ्यानं बोलला. आणि मग वर्ग जो तुटून पडला त्या यंत्रावर, की बस. हँडल काढून पायडल लावा, म्हणजे बोंड लावणारीच ते चालवील आणि पाय उचलला की रूळ थांबतील. बोंडासाठी लांब पन्हळ करा, हात रुळापर्यंत पोचूच नये. वरच्या रुळाला स्प्रिंग द्या, जाड काही आलं तर तो वर उचलला पाहिजे. कोणी फळ्यावर काढत होतं, कोणी पुसत होतं, दोघं भांडत होते. ज्यांच्या गटाचं हे काम नव्हतं, ज्यांना याचा अर्धाही गुण मिळणार नव्हता, ती पोरं अमरची चूक आपली असल्यासारखी डोकं खाजवत होती. मॅडम मागच्या बाकावर बसून चणे खात होत्या. अमरला तेव्हा भरून आलं. आपण एवढी वर्षं चुका लपवून केवढ्या मोठ्या गोष्टीला मुकलो, असं त्याला वाटलं, आणि या सगळ्यांचे पाय धरावेत असंही वाटलं. त्यानं ते केलं नाही. डस्टर उचलून फळा पुसून दिला.

विषय सोडायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. पण यंत्राच्या आधी एक काम बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच एसटीनं आर्णीला उतरला आणि तांड्यावर गेला. खेमसिंग दारातच बाजेवर बसला होता. त्यानं याच्याकडं पाहिलं, याच्या मागं पाहिलं. "मशीन आनली का?"

"नाई जी. हात आनले."

अंगणात बोंडांचा ढीग तसाच पडून होता. मानीबाईचा हात पट्टीत, बाकीच्या बाया आपापल्या ढिगाला लागलेल्या. अमर जाऊन ढिगापाशी बसला आणि बोंड उचललं. खेमसिंगनं काहीतरी पुटपुटून तोंड फिरवलं. पण उठ म्हणाला नाही.

नानाजींच्या वावरात दरवर्षी गाड्या भरून कापूस निघायचा, आणि त्यांच्या पोराला बोंडाला कुठून हात घालायचा ते ठाऊक नव्हतं. मानीबाईनं थोडा वेळ पाहिलं, मग तिला राहवेना. डाव्या हातानं बोंड घेऊन ती दाखवायला लागली, मराठीतून, गोरबोलीतून, जमेल तशी. बुडाकडून धर. चिमटीत घे. ओढू नको, काढ. अमर शिकला कमी आणि टोचून घेतलं जास्त. एक टोक नखाखाली शिरलं तेव्हा तो कळवळून म्हणाला, "आई गं!"

"तार हात?" मानीबाईनं विचारलं. तुझा हात?

अमरनं बोट वर केलं. रक्ताचा थेंब आला होता. "हाव," तो म्हणाला, आणि मग हळूच, जपून, "मार हात."

मानीबाई हसली. अशी हसली, की काचळीवरचे आरसे हलले. पलीकडच्या अंगणातल्या बायांना तिनं ते ओरडून सांगितलं, आणि त्या हसल्या. बाजेवर खेमसिंगच्या मिशा हलल्या, पण त्यानं ते खोकल्यावर नेलं.

मग अमर सुट्टी मिळाली की जायला लागला. कधी अंजू सोबत असायची, कधी सुनील येऊन तोडकं-मोडकं काम करायचा आणि चांगलं जेवायचा. मानीबाईचा ढीग हलत गेला. भाकरी, ठेचा आणि ताक पुढं यायचं, आणि ते नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. बोंडं सोलता सोलता अमरच्या तोंडात गोरबोली बसू लागली. याडी म्हणजे आई, हे त्याला आधी कळलं, आणि मावशी ही हाक कधी मागं पडली ते दोघांनाही कळलं नाही.

मधे एकदा तो नेरकडं घरी गेला. विमलताई ताट वाढत होत्या. त्यानं ताटाकडं न पाहता त्यांचा हात धरला आणि बोटं उलटी करून पाहिली. तेच चिरे. इतकी वर्षं त्याच बोटांनी वाढलेलं तो जेवत होता.

"काहून रे? काय पायतं?" त्या हात सोडवत म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष त्याच्या बोटांकडं गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे काय करून राह्यला तू तिकडं? कालेजात पाठवला ना मी तुले?"

"कालेजातच शिकून राह्यलो, आई," अमर म्हणाला. विमलताईंना ते पटलं नाही. पण त्या दिवशी ताट त्यानं उचललं, आणि त्यांनी उचलू दिलं.

इकडं यंत्र नव्यानं उभं राहत होतं. अंजूच्या घरी माळ्यावर जुन्या शिलाई मशीनचं पायडल पडून होतं, ते आणलं. चिठ्ठीचा धाक असल्यामुळं कोणीच सुटत नव्हतं. सुनीलनं अमरला वेल्डिंग शिकवलं, आणि अमरचा पहिला सांधा पाहून चिमणीनं घरटं बांधलं काय बे, असं विचारलं. अमरनं अंजूला ड्रॉइंग शिकवलं, काचेखाली बल्ब न लावता. अंजूनं दोघांना बोलायला शिकवलं. म्हणजे तांड्यावर कोणाशी काय बोलायचं आणि केव्हा गप्प बसायचं. सगळं मलाच करावं लागणार, असं ज्याला वाटलं होतं तो अमर आता या दोघांशिवाय स्क्रूसुद्धा पिळत नव्हता.

मानीबाईची पट्टी सुटल्यावर खेमसिंगकडं कोणी जायचं, हा प्रश्नच उरला नाही. मानीबाईनंच त्याला सुनावलं, की मशीन आपल्या दारात येईल, चालवायची का नाही ते मी पाहीन, हात माझा आहे. नायकाची नायकी दाराबाहेर. दाराच्या आत ती कोणाची असते, हे तांड्याला माहीत होतं.

यंत्र आलं. मानीबाई समोर बसली. नव्या बांगड्या दंडाकडं सारून तिनं पायडल दाबलं, रूळ फिरले. पाय उचलला, थांबले. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबवलं. पन्हळीत हात घालून पाहिला, तो रुळापर्यंत पोचत नव्हता. मग तिनं बोंडं लावायला सुरुवात केली. कापूस पलीकडं पडत राहिला. अमर दोन्ही हात मागं बांधून उभा होता, कारण त्याला करायला काहीच नव्हतं, आणि हेच या यंत्रातलं सगळ्यात चांगलं होतं.

एकाएकी ती ओरडली, "मार हात! मार हात!"

तिघंही यंत्रावर झेपावले. सुनीलच्या हातातली टोपली उडाली. पाहतात तर रूळ थांबलेले, आणि म्हातारी दोन्ही हात वर करून खदखदून हसत होती.

परीक्षेचा दिवस उजाडला तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. अंगणात मांडव टाकला होता. बाहेरून आलेले परीक्षक अमरावतीचे, टाय लावलेले. तांड्यावर टाय लावून आल्याचा पश्चात्ताप त्यांच्या मानेवरून निथळत होता. गावंडे मॅडमनी चिठ्ठ्या टाकल्या आणि मानीबाईला एक उचलायला सांगितली. अमर मनातल्या मनात सुनीलचं नाव घेत होता. चिठ्ठी उघडली. अमर ढोले.

रूळ, रबर, पायडल, स्प्रिंग, त्यानं सगळं सांगितलं. परीक्षकांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "आधीच्या डिझाइनमध्ये हँडल होतं म्हणता. ते का काढलं?"

आता याचं साधं उत्तर होतं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. फाइलीत तेच लिहितात. समोर अख्खा तांडा बसलेला. खेमसिंग बाजेवर. अर्धे गुण ज्या बाईच्या हातात, तिच्या त्या हाताचं एक बोट अजून सरळ होत नव्हतं. अमरनं खरं ते सांगितलं. मी हँडल फिरवत होतो, त्या ओरडल्या, मला कळलं नाही, मी जोर लावला. वर्गातल्या पोरांनी चूक शोधून दिली. यांनी पुन्हा दारात बसू दिलं. हे यंत्र मी केलं असं मला म्हणता येत नाही, सर. यात माझी फक्त चूक होती, बाकी सगळ्यांचं आहे.

 परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि ते मानीबाईकडं वळले. "बाई, यानं तुमचा हात चेपला, हे खरं का?"

"खरं हाय."

"मग आता यांना किती गुण द्यायचे, ते तुम्ही सांगा. पन्नासपैकी."

मानीबाई उठली. तिनं परीक्षकांकडं पाहिलं नाही की मॅडमकडं पाहिलं नाही. ती अमरपाशी आली, तिनं आपल्या त्या वाकड्या बोटाच्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात वर उचलून सगळ्यांना दाखवला. बोंडांनी चिरलेला, वेल्डिंगचे डाग पडलेला, शाईचा एक ठिपकाही नसलेला हात.

"ई मार हात छ," ती म्हणाली.

अंजूनं अर्थ सांगायला तोंड उघडलं. मग तिनं अमरचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

"काय म्हणाल्या त्या?" परीक्षकांनी विचारलं.

अमरला सांगायचं होतं. त्याला शब्दन् शब्द कळला होता. पण डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तो मानीबाईनं धरून ठेवला होता.

"म्हणजे मी किती लिहू?" परीक्षक पेन घेऊन बसलेले.

बाजेवरून खेमसिंग उठला. मशीन उचला म्हणणारा तोच. त्यानं पागोटं सारखं केलं आणि नायकाच्या आवाजात म्हणाला, "कायले इचारता सायेब? ह्यो माहा हात हाय म्हन्ते ते. सपा, पुरे पन्नास लिहा. आपल्या हाताले कोनी अर्धे गुन देते का?"